निम्मं इंद्रिय पाण्यात

सोमाटणे फाट्यावरून शिरगावच्या दिशेने गेलं की पवना फार लांब नाही. आषाढात या नदीचं पाणी चहासारखं होतं. डोंगरउतारावरची माती, भाताच्या खाचरांतला गाळ, वाहून आलेला पालापाचोळा असं सगळं त्यात मिसळलेलं असतं. त्या पाण्यात हात मनगटापर्यंत बुडवला तर बोटं दिसत नाहीत. पण नदीतल्या माशांना चार महिने उपाशी राहून चालत नाही. शिंगटा, मागूर अशा मिशांच्या माशांचा तर हाच खरा हंगाम. तेही बहुतेक रात्री, तळाच्या चिखलात, म्हणजे जिथे डोळ्यांचा उपयोग जवळजवळ शून्य तिथे. हे मासे भक्ष्य कसं शोधतात, असं विचारलं की वास आणि मिशा असं उत्तर मिळतं. ते चुकीचं नाही, पण अपुरं आहे. या माशांच्या कातडीत बारीक खळगे असतात आणि त्यांच्या तळाशी वीज ओळखणाऱ्या पेशी असतात. पाण्यातला एखादा किडा किंवा लहान मासा निपचित पडून असला तरी त्याच्या शरीरातून क्षीण वीज पाण्यात झिरपत असते, आणि शिंगटा ती टिपतो. जगात काही मासे याच्याही पुढे गेले आहेत. ते स्वतःची वीज पाण्यात सोडतात आणि ती कुठे कशी वाकली यावरून आजूबाजूच्या वस्तू ओळखतात. या इंद्रियाबद्दल माझं म्हणणं असं आहे की ते एकट्या माशाच्या शरीरात नसतंच. त्याचा निम्मा भाग पाण्यात असतो, आणि म्हणून पाणी बदललं की इंद्रियही बदलतं.

आधी शिंगट्याच्या जातीची गोष्ट पक्की करून घेऊ, कारण इथे पहिली शंका निघते. वास, चव आणि स्पर्श इतके तीक्ष्ण असलेल्या माशाला वीजही कळते, हे कशावरून? 1917 साली पार्कर आणि व्हॅन ह्यूसेन या दोघा अमेरिकी संशोधकांनी तिकडच्या मिशांच्या माशावर केलेला प्रयोग आजही वाचण्यासारखा आहे. माशांचे डोळे झाकले आणि पाण्यात एकदा काचेची कांडी, एकदा धातूची कांडी हळूच जवळ नेली. काचेची कांडी अंगाला टेकेपर्यंत माशाला पत्ता नसे. धातूची कांडी मात्र काही सेंटिमीटर दूर असतानाच तो वळायचा. दोन्ही कांड्या पाणी सारखंच ढवळतात, त्यामुळे पाण्याची हालचाल हे कारण असू शकत नाही. धातू पाण्यात बुडाला की त्याच्या पृष्ठभागावर अतिशय क्षीण विद्युतप्रवाह तयार होतात, काचेवर होत नाहीत. मासा त्या प्रवाहांना प्रतिसाद देत होता. पुढे या इंद्रियाचा अभ्यास वाढला आणि मिशांच्या माशांच्या सगळ्या गणातच ते असल्याचं दिसून आलं. आपल्या कोकणच्या किनाऱ्यावरची मुशी आणि पाकट यांच्यातही ते आहे. मुशीच्या मुस्कटावरचे ठिपके म्हणजे त्याच इंद्रियाची तोंडं. इटालियन शरीरशास्त्रज्ञ लोरेन्झिनी याने त्यांचं वर्णन 1678 मध्येच करून ठेवलं होतं, पण ती कशासाठी आहेत हे कळायला जवळपास तीनशे वर्षं लागली.

मात्र शिंगटा आणि मुशी यांचं हे काम काळोखात दुसऱ्याच्या हातातला कंदील पाहण्यासारखं आहे. समोरच्याकडून वीज येत असेल तरच त्यांना ती कळते. दगड, बुडालेलं लाकूड, कपारीची भिंत यांच्याकडे कंदील नसतो. ज्या माशांनी कंदील स्वतःच्याच हातात घेतला, त्यांच्यातला एक पुण्या-मुंबईत ॲक्वेरियमच्या दुकानांत सहज मिळतो. ‘ब्लॅक घोस्ट’ या नावाने विकला जाणारा हा काळाकुळकुळीत मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. टाकीत त्याला नीट पाहिलं तर तो इतर माशांसारखा अंग वळवत पोहत नाही, हे ध्यानात येतं. अंग काठीसारखं ताठ आणि पोटाखालून शेपटीपर्यंत गेलेल्या एकाच लांब परावरून लाट धावत असते. लाट उलटी फिरली की मासा त्याच वेगाने मागे जातो, आणि मागे जाताना टाकीतल्या दगडाला धडकत नाही. त्याच्या शेपटीच्या बाजूला वीज तयार करणारा अवयव आहे. तो सेकंदाला साधारण हजार वेळा धन-ऋण बदलत राहतो, दिवसरात्र, झोपेतसुद्धा. त्यामुळे माशाभोवती विजेचं एक क्षेत्र सतत पसरलेलं असतं आणि कातडीवरचे सुमारे 14,000 ग्राहक त्या क्षेत्राचा जोर जागोजागी मोजत असतात. ॲमेझॉनच्या खोऱ्यातला विजेचा ईल 860 व्होल्टपर्यंत झटका देऊ शकतो, हे 2019 मध्ये मोजलं गेलं. ब्लॅक घोस्ट त्याच्याच गणातला. पण याची वीज इतकी क्षीण की टाकीत हात घातला तर काहीही जाणवत नाही. तिचं काम मारणं नाही, पाहणं आहे.

पाहणं कसं होतं, याचं भौतिकशास्त्र अवघड नाही. नदीचं गोडं पाणी विजेचं फार चांगलं वाहक नसतं. माशाचं, किड्याचं, झाडाच्या ताज्या मुळाचं अंग आतून खारट असतं, म्हणून ते आजूबाजूच्या पाण्यापेक्षा बरं वाहक. असं काही माशाच्या क्षेत्रात आलं की वीज त्यातून जाणं पसंत करते आणि माशाच्या कातडीवर त्या जागेपुरता प्रवाह वाढतो. दगड उलट वागतो. तो विजेला आडवा येतो, वीज त्याला वळसा घालते आणि कातडीवर तेवढ्या जागी प्रवाह घटतो. म्हणजे प्रत्येक वस्तूची एक सावली कातडीवर पडते. काही वस्तूंची सावली गडद, काहींची उजळ. जिवंत पेशींची पातळ पटलं वीज थोडा वेळ साठवूनही ठेवतात, त्यामुळे जिवंत वस्तूची सावली केवळ जोरात नव्हे तर वेळेतही किंचित सरकते. हे सरकणं टिपणारे वेगळे ग्राहक काही माशांत आहेत. अंधारात किडा आणि खडा यांत फरक करायला ही सोय डोळ्यांपेक्षा भरवशाची, असं मला वाटतं, कारण रंग आणि आकार फसवू शकतात, पण निर्जीव खडा जिवंत पटलासारखी वीज साठवू शकत नाही.

मासा विजेने पाहतो हे पहिल्यांदा प्रयोगाने सिद्ध केलं ते केंब्रिजचे प्राणिशास्त्रज्ञ हान्स लिसमन यांनी. त्यांचा मासा आफ्रिकेतला, जिम्नार्कस नावाचा. त्याचा लांब पर पाठीवर असतो, पण अंग तसंच ताठ आणि उलटं पोहणं तितकंच सफाईदार. 1951 मध्ये लिसमन यांनी जाहीर केलं की हा मासा शेपटीतून सतत क्षीण वीज सोडतो, सेकंदाला साधारण तीनशे स्पंदनं. डार्विनने 1859 च्या ग्रंथात माशांच्या विजेच्या अवयवांना आपल्या सिद्धांतापुढची खास अडचण म्हटलं होतं. शेकडो व्होल्टचा झटका उपयोगी, हे मान्य. पण तिथवर पोचण्याआधीच्या पिढ्यांत, वीज जेव्हा कुणालाही इजा करू शकत नव्हती, तेव्हा ती कशाला टिकली? लिसमन यांच्या शोधात याचं उत्तर होतं. क्षीण वीजही फुकट जात नव्हती, ती वाट दाखवत होती. पण वीज सोडणं वेगळं आणि तिने पाहणं वेगळं, ही शंका तेव्हाही आली. माशाच्या अंगावर पाण्याची हालचाल टिपणारी एक रेषा असते, तिने काम भागत नसेल कशावरून? म्हणून 1958 मध्ये लिसमन आणि केनेथ मेशिन यांनी मातीच्या सच्छिद्र भांड्यांचा प्रयोग केला. हा प्रयोग जवळून पाहण्यासारखा आहे. दोन भांडी, बाहेरून तंतोतंत सारखी. भिजल्यावर त्यांच्या भिंतीतून वीज जाऊ शकते, पण आतलं काही दिसत नाही आणि दोन्हींच्या भोवती पाणी सारखंच हलतं. एका भांड्यात नुसतं टाकीतलं पाणी. दुसऱ्यात त्याच पाण्यात उभी केलेली काचेची कांडी. खाऊ मिळे तो फक्त पहिल्या भांड्यामागे. मासा शिकला. कांडी दोन मिलिमीटर जाडीची असेल तर तो भांडी बरोबर ओळखायचा. 0.8 मिलिमीटरची केली की गोंधळायचा. डोळा, वास, पाण्याची हालचाल या तिन्ही वाटा बंद असताना भांड्याच्या आतली काच कळते, म्हणजे विजेशिवाय चौथा मार्ग उरत नाही. मला या प्रयोगात सर्वांत मोलाची वाटते ती माशाची चूक. कितपत कळतं याबरोबर कुठे कळेनासं होतं हेही दाखवलं, म्हणून निष्कर्षावर विश्वास बसतो.

अशीच एक चूक 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतल्या संशोधनातून हाती लागली. सावली मोठी आहे म्हणजे वस्तू जवळ आहे की मोठी आहे? एका डोळ्याने पाहणाऱ्याला पडतो तोच हा प्रश्न. गेरहार्ड फॉन डेर एम्डे आणि सहकाऱ्यांनी आफ्रिकेतल्या लांब हनुवटीच्या माशाला, ज्याला ॲक्वेरियमवाले एलिफंट नोज म्हणतात, अंतर ओळखायला शिकवलं. वस्तू लांब जाईल तशी तिची सावली नुसती फिकट होत नाही, तिची कडही पसरट होते. कडेचा उतार आणि सावलीचा सर्वांत मोठा जोर यांचं प्रमाण मासा पाहतो, आणि त्या एका प्रमाणावरून आकार, जाडी, पदार्थ काहीही असला तरी अंतर निघतं. फक्त गोळा दाखवला की मासा चुकतो. तो गोळ्याला आहे त्यापेक्षा लांब समजतो, कारण गोळ्याची सावली मुळातच पसरट कडेची असते. गणित करणाऱ्याने ज्या ठिकाणी चुकायला हवं, नेमकं तिथेच मासा चुकतो. तो हिशोब करत असल्याचा याहून चांगला पुरावा मागता येणार नाही. या हिशोबाची किंमतही तो मोजतो. एलिफंट नोजचा मेंदू वजनाने शरीराच्या तीन टक्क्यांच्या आसपास, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूतला सुमारे 60 टक्के वाटा एकटा मेंदू घेतो. माणसाचा मेंदू 20 टक्क्यांवर भागवतो.

आता मूळ म्हणण्याकडे. डोळ्यासाठी प्रकाश सूर्याकडून येतो आणि पाहणारा फक्त ग्रहण करतो. इथे मासा जी वीज सोडतो ती पाण्यातूनच जाते, पाण्यातूनच परत येते, आणि वस्तू दिसते ती केवळ पाण्याच्या तुलनेत. वस्तूची वाहकता पाण्याइतकीच असेल तर वस्तू विजेच्या दृष्टीने नाहीशीच होते. यावर कुणी म्हणेल की हे नुसतं शब्दांचं खेळणं आहे, प्रत्येकच इंद्रियाला माध्यम लागतं. मान्य, पण इथे माध्यमाचा परिणाम मोजून दाखवता येतो. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात माल्कम मॅकआयव्हर आणि मार्क नेल्सन यांनी ब्लॅक घोस्ट पाणपिसू कशी पकडतो याचं अंधारात चित्रण केलं. पाणपिसू म्हणजे दोनतीन मिलिमीटरचा डॅफ्निया. मासा डोकं खाली, अंग तिरपं असा पुढे सरकत असतो. पाठीवरून पाणपिसू जाते. कातडीवरच्या विजेत हजारात एक भाग इतकाही बदल होत नाही, तरी मासा थबकतो आणि उलटा सरकत तोंड बरोबर तिच्यापाशी आणतो. 2001 साली त्यांनी हाच प्रयोग वेगवेगळ्या वाहकतेच्या पाण्यात प्रसिद्ध केला. 35 मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर इतक्या मऊ पाण्यात माशाला पाणपिसू सरासरी 28 मिलिमीटरवरून कळली. 600 च्या पाण्यात 12 मिलिमीटरवरून. मासा तोच, भक्ष्य तेच, अवयव तेच. पाण्यात क्षार वाढले आणि माशाची नजर निम्म्याहून कमी झाली. आणि हे अंतर एका रेषेत मोजलेलं आहे. आजूबाजूचं जेवढं पाणी मासा चाळू शकतो, ते त्याहून जास्त प्रमाणात आकसतं. समुद्रात, जिथे वाहकता पन्नास हजारांच्या घरात असते, तिथे स्वतःची वीज सोडून अशी पाहणी करणारा एकही मासा आपल्याला माहीत नाही. दुसऱ्याची वीज ऐकणारी मुशी समुद्रात सुखाने नांदते, पण हातात कंदील घेतलेले सगळे मासे गोड्या पाण्यातले. मला तरी हा योगायोग वाटत नाही.

निम्मं इंद्रिय पाण्यात असण्याचा आणखी एक परिणाम असा की ते इतरांनाही उपलब्ध असतं. दोन मासे जवळ आले आणि त्यांची स्पंदनं जवळजवळ सारखी असली तर दोघांचंही चित्र बिघडतं. 1963 मध्ये वातानाबे आणि ताकेदा या जपानी संशोधकांनी दाखवलं की असे मासे आपापली स्पंदनसंख्या एकमेकांपासून दूर नेतात, एक जरा वर जातो, दुसरा जरा खाली. पण शेजाऱ्याशी तडजोड होते, शत्रूशी होत नाही. आफ्रिकेतल्या ओकावांगो नदीत पाणी ओसरू लागलं की क्लॅरियस जातीचे मागूर झुंडीने निघतात आणि एलिफंट नोजच्या नात्यातल्या माशांचा फडशा पाडतात. हानिका आणि क्रामर यांनी 2000 साली प्रयोगाने दाखवलं की हा मागूर भक्ष्याची वीज ऐकून त्याला गाठू शकतो, आणि नर माशांचं लांब स्पंदन त्याला विशेष चांगलं कळतं. हा मागूर आपल्याला परका नाही. याच क्लॅरियस गॅरिपिनसला आपल्याकडे आफ्रिकन मांगूर म्हणतात. त्याच्या पालनावर देशात 2000 सालापासून बंदी आहे, 2019 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने त्याची तळी नष्ट करायला सांगितलं, आणि भीमेच्या खोऱ्यात, उजनीच्या परिसरात त्यावर कारवाया झाल्या. तो अधाशी आहे, कमी प्राणवायूतही जगतो, ही कारणं सर्वांना ठाऊक आहेत. त्यात हे एक जोडायला हवं. गढूळ रात्रीत स्थानिक मासा हलला नाही तरी त्याचा ठावठिकाणा घेणारं इंद्रिय या मांगुराकडे आहे.

मग आपल्याच नद्यांत स्वतःची वीज सोडणारा मासा का नाही? गढूळपणा आपल्याकडे आहे, अंधार आहे, पावसाचं मऊ पाणी आहे. गरज असली की अवयव येतो, असं मानणाऱ्याला हा प्रश्न अडचणीचा आहे. उत्तराचा धागा पवनेच्याच पुढच्या प्रवासात आहे. पवना दापोडीला मुळेला मिळते, मुळा-मुठेचं पाणी भीमेत आणि तिथून उजनीत जातं. उजनीच्या जाळ्यांत नोटोप्टेरस नावाचा एक चपटा, चंदेरी, सुरीच्या पात्यासारखा मासा येतो. पोटाखालून शेपटीपर्यंत एकच लांब पर, अंग ताठ, मागेपुढे सारखंच पोहणं. पाहताक्षणी ब्लॅक घोस्टचा भाऊ वाटावा. नात्याने तो खरोखरच जिम्नार्कस आणि एलिफंट नोज यांच्या घराण्याच्या जवळचा, चुलत म्हणावा असा. पण त्याला वीज सोडता येत नाही आणि ऐकताही येत नाही. आफ्रिकेतल्या त्याच्या सख्ख्या नातलगांना ऐकता येतं, सोडता येत नाही. 1982 मध्ये मेंदूंची तुलना करून हे दाखवलं गेलं की या कुळातल्या आफ्रिकी माशांत विजेचं इंद्रिय आहे, आशियाई माशांत नाही. ताठ अंगाचा संबंध लिसमन यांनी विजेशी जोडला होता. त्या तर्कावर इथे एक रास्त आक्षेप येतो. ताठ अंग आणि लांब पर हे विजेचं क्षेत्र स्थिर ठेवण्यासाठी आलं, असं म्हणावं तर विजेचा गंधही नसलेल्या नोटोप्टेरसला ते का? मला वाटतं, आक्षेप खरा आहे आणि त्याने तर्क मोडत नाही, फक्त क्रम बदलतो. कपारीत मागेपुढे सरकायला असा पर आधीच सोयीचा होता. ज्या घराण्यात विजेचा अवयवही आला, तिथे ताठ अंगाचा दुहेरी फायदा झाला. गरज सगळीकडे होती. सुरुवातीचं साहित्य सगळीकडे नव्हतं.

शेवटची शंका व्यवहाराची. असा मासाच इथे नाही, तर पाण्याच्या वाहकतेचं पवनेकाठच्या मावळाला काय? शिंगटा आणि मागूर आहेत, हे उत्तर पुरेसं आहे. किड्याच्या अंगातून झिरपणारा प्रवाह तेवढाच असला तरी पाण्याची वाहकता वाढली की त्या प्रवाहाने निर्माण होणारा विद्युतदाब घटतो, आणि माशाला कळतो तो दाबच. हा साधा ओहमचा नियम आहे. पवना सोमाटण्याच्या बाजूने पुढे जाते आणि रावेतपासून तिचं रूप पालटतं. रावेत ते दापोडी हा तिचा पट्टा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित पट्ट्यांच्या यादीत आहे. सांडपाणी क्षार घेऊन येतं, आणि क्षार पाण्याची वाहकता वाढवतात. नदी बिघडली हे आपण फेस, वास आणि मेलेले मासे यांवरून ठरवतो, म्हणजे आपल्या डोळ्यानाकाने. पाणी नितळ दिसत असेल तर आपण निश्चिंत होतो. तळाच्या माशाला मात्र गढूळ पण मऊ पाणी चालतं, नितळ पण खारावलेलं पाणी चालेलच असं नाही. वाहकता मोजण्याचा खिशात मावणारा मीटर महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत असतो आणि आकडा काही सेकंदांत मिळतो. तळेगाव, पिंपरी-चिंचवडच्या शाळा-महाविद्यालयांतल्या मुलांनी वर्षभर, दर महिन्याला, शिरगावच्या वर, रावेतला आणि दापोडीला पवनेचं पाणी मोजावं, आणि तो आकडा लिहिताना शेजारी त्या जागी जाळ्यात आलेल्या मिशांच्या माशांची नोंद करावी.